ओसीटी अँजिओग्राफीतल्या पांढऱ्या रेषा आणि तुटलेल्या वाहिन्या: डोळा हलला, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीकडे मॅक्युलाचे, म्हणजे रेटिनाच्या (डोळ्यामागच्या पडद्याच्या) मधल्या भागाचे, ३ बाय ३ मिमीचे ओसीटी अँजिओग्राफी स्कॅन आहेत, म्हणजे प्रकाशाच्या बीमने काढलेले तिथल्या रक्तवाहिन्यांचे नकाशे. यंत्र सेकंदाला ७०,००० ए-स्कॅन घेणारं (ए-स्कॅन म्हणजे एका बिंदूवरचं खोलीच्या दिशेचं मोजमाप). एका स्कॅनमध्ये ३०४ रांगा, रांगेत ३०४ ए-स्कॅन, आणि प्रत्येक रांग दोनदा घेतलेली. वरून पाहिलेल्या चित्रात आडव्या पांढऱ्या रेषा आहेत, काही ठिकाणी वाहिन्या तुटून बाजूला सरकल्यात, काही ठिकाणी एकच वाहिनी दोनदा दिसते. इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं एकमेकांवर बसवणारं स्टॅकरेग लावून पाहिलं, फरक पडला नाही. मोजायचंय ते फोव्हियाच्या, म्हणजे मॅक्युलाच्या मधल्या खड्ड्याच्या, मधोमध असलेल्या वाहिनीविरहित भागाचं, म्हणजे एफएझेडचं, क्षेत्रफळ आणि वाहिन्यांची घनता. आता रेषा पुसणारं न्यूरल नेटवर्क शिकवायचं की खराब स्कॅन सरळ टाकून द्यायचे, अशी अडचण आहे.

त्या विद्यार्थिनीला माझं उत्तर: दोन्ही आत्ताच नको. आधी प्रत्येक स्कॅनमध्ये कुठे माहिती फक्त सरकली आहे आणि कुठे ती मुळात घेतलीच गेली नाही, हे वेगळं काढा. सरकलेली माहिती परत जागेवर आणता येते. घेतलीच नसेल तर आणणार कुठून? चित्रात भरून मात्र टाकता येते, आणि घोळ तिथेच होतो. या विषयावरची सॉफ्टवेअरं दोन्ही गोष्टींना ‘मोशन करेक्शन’ असं एकच नाव देतात.

हे वेगळं काढण्यासाठी वेळेचा हिशेब हातात हवा. तुमच्या यंत्राचाच मांडू. ३०४ ए-स्कॅनची एक रांग ७०,०००च्या वेगाने साधारण ४.३ मिलिसेकंदांत होते. आरसा परत फिरायला लागणारा वेळ धरा, ५ मिलिसेकंद. तीच रांग दोनदा, म्हणून १०. अशा ३०४ रांगांना ३ सेकंद. दोन रांगांमधलं अंतर ३ मिमी भागिले ३०४, म्हणजे सुमारे १० मायक्रॉन. म्हणजे तुमच्या चित्रात उभी दिशा ही नुसती जागा नाही, ती वेळही आहे. वरची कड आणि खालची कड यांत ३ सेकंदांचं अंतर आहे. झेरॉक्स मशीनमध्ये दिव्याची पट्टी सरकत असताना कागद हलला तर जे होतं, नेमकं तेच इथे होतं.

आता डोळ्याचा हिशेब. एका बिंदूकडे टक लावून पाहतानाही डोळा स्थिर नसतो. अगदी बारीक कंप असतो, तो इथे सोडून द्या, ओसीटीच्या ठिपक्यापुढे तो नगण्य आहे. मग ड्रिफ्ट, म्हणजे संथ वाहणं. आणि मधूनच मायक्रोसॅकेड, म्हणजे छोटी झटकन उडी, साधारण सेकंदाला एखाद-दोन. सामान्य लांबीच्या डोळ्यात १ अंश म्हणजे रेटिनावर सुमारे ०.२९ मिमी. ड्रिफ्टचा वेग अर्धा अंश प्रति सेकंद धरला तर एकाच रांगेच्या दोन फेऱ्यांमध्ये, म्हणजे ५ मिलिसेकंदांत, रेटिना ०.७ मायक्रॉन सरकते. पिक्सेलचा दहावा हिस्साही नाही. ०.३ अंशाची मायक्रोसॅकेड मात्र २५ मिलिसेकंदांत जवळजवळ ९० मायक्रॉन सरकवते. त्याच ५ मिलिसेकंदांत १८ मायक्रॉन. तुमच्या बीमचा ठिपकाच रेटिनावर साधारण १५ ते २० मायक्रॉनचा असतो. म्हणजे दुसऱ्या फेरीत यंत्र वेगळीच जागा पाहत असतं. अँजिओग्राफीचं सगळं गणित ‘दोन फेऱ्यांमध्ये जे बदललं ते रक्त’ यावर उभं आहे, त्यामुळे अख्खी रांग रक्त असल्यासारखी पांढरी होते.

या आकड्यांवरून तीन गोष्टी आपोआप निघतात. पांढरी रेषा दोन-तीन रांगांची जाड का असते, हे एक. ३ सेकंदांच्या स्कॅनमध्ये अशा तीन ते सहा रेषा येणं स्वाभाविक आहे, हे दुसरं. पेशंटने सहकार्य केलं नाही असा शेरा त्यावरून मारू नका. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: पांढरी रेषा हा उडीचा नुसता शिक्का आहे, खरं नुकसान रेषेच्या पुढे सुरू होतं. उडीनंतर रेटिना ९ पिक्सेल दुसरीकडे आहे आणि यंत्र त्याच्या ठरलेल्या रांगेने पुढे चाललंय. उडी आडवी असेल तर वाहिन्या तुटून बाजूला सरकतात. रेटिना स्कॅनच्याच दिशेने सरकली असेल तर आधी घेतलेली ९ रांगांची पट्टी पुन्हा घेतली जाते आणि एकच वाहिनी दोनदा दिसते. उलट दिशेने सरकली तर ९ रांगांची पट्टी कायमची सुटते. या सुटलेल्या पट्टीची चित्रात खूण फारशी दिसत नाही, म्हणून ती सगळ्यात धोक्याची. रेषा पुसली की चित्र छान दिसतं, आणि एफएझेड मात्र चपटा झालेला असतो. ०.६ मिमी व्यासाचा गोल एफएझेड धरा, क्षेत्रफळ ०.२८ चौ. मिमी. त्याच्या मधोमध ०.०९ मिमीची पट्टी सुटली की ०.०५ चौ. मिमीपेक्षा जास्त गेलं, जवळजवळ पाचवा भाग. डायबेटिसच्या पेशंटमध्ये तुम्ही जो फरक शोधताय तो कदाचित याहून लहान असेल.

एक प्रकार पांढरी रेषा न उमटवता येतो आणि तो बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. ८४० नॅनोमीटरच्या आसपास चालणाऱ्या यंत्रांचा बीम पेशंटला फिकट लाल रेघेसारखा दिसतो. ती रेघ वरून खाली सरकते आणि पेशंट नजर खिळवायला दिलेली फुली सोडून त्या रेघेच्या मागे जातो. डोळा रेघेबरोबर गेला की बीम रेटिनाच्या त्याच भागावर रेंगाळतो, आणि फोव्हियाजवळचा भाग उभा ताणला जातो. झटका नसल्यामुळे ठळक रेषा नाही, फार तर त्या पट्ट्यातली पार्श्वभूमी किंचित उजळ. एफएझेड उभट अंडाकार दिसला आणि वाहिन्या सरळ उभ्या ओढल्यासारख्या वाटल्या तर आधी हा संशय घ्या, आजाराचा नंतर. १०५० नॅनोमीटरच्या स्वेप्ट-सोर्स यंत्रांवर बीम पेशंटच्या नजरेत भरत नाही, त्यामुळे ही भानगड तिथे जवळजवळ नाही.

स्टॅकरेग का चाललं नाही, हेही आता स्पष्ट व्हावं. ते अख्खं चित्र एक कडक पत्रा समजून सरकवतं किंवा फिरवतं. तुमच्या चित्रात मात्र प्रत्येक रांग वेगळ्या क्षणाची आहे आणि प्रत्येकीला वेगळं सरकवायला हवं. अनेक पूर्ण चित्रांची सरासरी काढायची असेल, तेव्हा शेवटच्या टप्प्यावर ते ठीक आहे.

आता प्रत्यक्ष काम. क्रमाला महत्त्व आहे, कारण चुकीच्या क्रमाने केलं तर एका पायरीचा दोष पुढची पायरी लपवते.

सुरुवात प्रत्येक रांगेच्या दोन फेऱ्यांपासून. एका फेरीतून मिळणारा छेद म्हणजे बी-स्कॅन. डीकोरिलेशन, म्हणजे दोन फेऱ्यांमधला फरक, काढण्याआधी त्या दोन बी-स्कॅनना एकमेकांवर सब-पिक्सेल अचूकतेने बसवा, खोलीच्या दिशेने नक्की आणि आडव्या दिशेने जमल्यास. सायकिट-इमेज या पायथन लायब्ररीतलं फेज क्रॉस-कोरिलेशन त्याला पुरतं. श्वासाने आणि नाडीने डोकं पुढेमागे हलतं. ३० मायक्रॉनची, सेकंदाला एक अशी लय धरली तरी ५ मिलिसेकंदांत सुमारे १ मायक्रॉन होतो. तीव्रतेवर चालणाऱ्या पद्धतींना हे फारसं बोचत नाही. २०१२ साली याली जिया, डेव्हिड हुआंग आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या एसएसएडीए पद्धतीत स्पेक्ट्रमचे तुकडे करून खोलीची अचूकता मुद्दाम कमी केली जाते, त्याचा एक फायदा हाच. पण तुम्ही फेज, म्हणजे परतलेल्या प्रकाशलहरीची अवस्था, वापरत असाल तर १ मायक्रॉन म्हणजे फेजचे दोनाहून अधिक पूर्ण फेरे. तिथे प्रत्येक ए-स्कॅनमधून सरसकट हालचालीची फेज वजा केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

मग रांगांची प्रतवारी. उडी असलेल्या रांगा ओळखायला बहुतेक जण रांगेचं सरासरी डीकोरिलेशन घेतात. त्यात अडचण अशी की एखादी मोठी वाहिनी आडवी गेली की ती रांगही संशयित ठरते. त्यापेक्षा रांगेतल्या मूल्यांचा २०वा पर्सेंटाइल घ्या. स्थिर ऊतीची पातळी त्यात पकडली जाते, आणि हालचाल झाली की नेमकी तीच वर उचलली जाते. सगळ्या रांगांच्या या आकड्याचा मध्यक आणि मध्यकापासूनचं मध्यक विचलन काढा. तीन-चार पट वर गेलेल्या रांगा बाजूला काढा. या रांगांतलं अँजिओग्राफीचं मूल्य ‘नाही’ असं नोंदवा, शून्य नाही. शून्य लिहिलंत तर घनतेच्या गणितात तो रक्तपुरवठा नसलेला भाग म्हणून मोजला जाईल. पापणी मिटल्याने काळी पडलेली पट्टी असेल तिलाही हाच नियम.

खोलीच्या दिशेची दुरुस्ती यानंतर. व्हॉल्यूम, म्हणजे सगळ्या रांगा मिळून झालेला त्रिमितीय ठोकळा, उभा कापून बघा, म्हणजे संथ दिशेचा (एका रांगेकडून दुसरीकडे जाणारा) छेद घ्या. रेटिनाची वरची कड करवतीसारखी दातेरी आणि लाटेसारखी दिसेल. प्रत्येक बी-स्कॅन जेमतेम ५ मिलिसेकंदांचा असल्याने आत जवळजवळ स्थिर आहे, दोष दोन बी-स्कॅनच्या मधे आहे. प्रत्येकाला फक्त मागच्याशी जुळवत गेलात तर छोट्या चुका साठत जातात आणि शेवटच्या रांगेपर्यंत व्हॉल्यूम भलतीकडे पोचतो. मागच्या चार-पाच रांगांशी जुळवा आणि सगळी अंतरं एकत्र लीस्ट स्क्वेअर्सने सोडवा. नुसतं वर-खाली सरकवणं पुरत नाही, थोडा कलही सोडवावा लागतो. बीम बाहुलीतून कुठून आत शिरतो ते बदललं की रेटिना चित्रात तिरकी होते.

इथे एक मोह होतो, आतल्या पडद्याच्या कडेवर सगळ्या रांगा सपाट बसवायचा. तसं केलं की फोव्हियाचा खड्डा गायब होतो. बसवायचंच तर आरपीईवर, म्हणजे रेटिनाच्या तळाच्या रंगद्रव्याच्या थरावर, बसवा. आणि तेही करताना लक्षात ठेवा की संथ दिशेतली डोळ्याची खरी वक्रता आणि संथ अक्षीय हालचाल या एका व्हॉल्यूममध्ये वेगळ्या काढता येत नाहीत. जास्त मायनस नंबरच्या डोळ्यात मागची भिंत बाहेर आलेली असते, तिची वक्रता अशा ‘दुरुस्त’ व्हॉल्यूमवर मोजलेली मी मान्य करत नाही. त्यासाठी त्या दिशेचा निदान एक जलद बी-स्कॅन हवा. तो ५ मिलिसेकंदांत सगळ्या रांगा आरपार छेदतो आणि खरा आकार दाखवतो. रेटिनाच्या थरांचं सेग्मेंटेशन, म्हणजे त्यांच्या सीमा आखणं, ही दुरुस्ती झाल्यावर करा, आधी नाही. सेग्मेंटेशनचे बरेच अल्गोरिदम शेजारच्या रांगांचा आधार घेतात, आणि दातेरी व्हॉल्यूममध्ये तो आधारच खोटा असतो.

आता सगळ्यात कठीण भाग, वरून दिसणाऱ्या चित्राच्या प्रतलातली दुरुस्ती. प्रतवारीत सापडलेल्या उड्यांवर व्हॉल्यूम तोडा. दोन उड्यांच्या मधला तुकडा फक्त ड्रिफ्टने थोडासा वाकलेला असतो. आता हे तुकडे एकमेकांच्या संदर्भात जागेवर बसवायचे. जलद दिशेतलं, म्हणजे तुमच्याकडे आडवं सरकणं, शेजारच्या रांगा जुळवून सापडतं. संथ दिशेतलं सरकणं एका व्हॉल्यूममधून सापडत नाही, गणित कितीही हुशार असलं तरी. ९ रांगा सुटल्या की ३ सुटल्या हे सांगणारी माहितीच त्यात नाही. बाहेरचा संदर्भ लागतो. तो दोन ठिकाणांहून मिळू शकतो.

एक म्हणजे सोबत घेतलेलं एसएलओचं (लेझर फिरवून रेटिनाचं वरून चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याचं) किंवा इन्फ्रारेड चित्र. मोठ्या वाहिन्या त्यात दिसतात. प्रत्येक तुकड्याचं वरून पाहिलेलं स्ट्रक्चरल चित्र त्यावर नॉर्मलाइज्ड क्रॉस-कोरिलेशनने बसवा. शोधाची मर्यादा घाला, ३० पिक्सेलपेक्षा लांब शोधू देऊ नका. ८-१० रांगांच्या पातळ तुकड्यांत कोरिलेशनचं खोटं शिखर सहज मिळतं, आणि केशवाहिन्यांचं जाळं इतकं एकसारखं असतं की चुकीच्या जागीही ते बऱ्यापैकी जुळतं. म्हणून सर्वोत्तम शिखर दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराहून ठळकपणे उंच नसेल तर तो तुकडा ‘बसला नाही’ म्हणून सोडा. डोळा थोडा फिरतोही, हे विसरू नका. अर्धा अंश फिरला तर ३ मिमी रुंद चित्राच्या कडेला १३ मायक्रॉनचा फरक पडतो, एका पिक्सेलहून जास्त. मधोमध सगळं जुळतंय आणि दोन्ही कडांना विरुद्ध दिशांनी सुटतंय असं दिसलं तर कारण हेच.

दुसरा आणि जास्त चांगला संदर्भ म्हणजे त्याच डोळ्याचा उभ्या रांगांनी घेतलेला व्हॉल्यूम. एर्लांगनचे मार्टिन क्राउस आणि एमआयटीतल्या फुजिमोटो गटाने २०१२ साली हीच पद्धत मांडली, आणि २०१४ साली तिच्यात कल व प्रकाशमानातल्या फरकाची दुरुस्ती जोडली. कल्पना साधी पण फार सुंदर आहे. आडव्या रांगांच्या व्हॉल्यूममध्ये आडवी दिशा विश्वासार्ह असते आणि उभ्यांच्या व्हॉल्यूममध्ये उभी. प्रत्येक ए-स्कॅनला तिन्ही दिशांचं विस्थापन द्यायचं. दोन्ही व्हॉल्यूम एकमेकांशी जास्तीत जास्त जुळतील, आणि त्याच वेळी ते विस्थापन काळाच्या क्रमाने फार झटके खाणार नाही, अशा दोन अटींमध्ये तोल साधायचा. दुसरी अट काळाच्या क्रमाने लावलेली आहे यातच खरी मेख आहे. जागेच्या क्रमाने लावली असती तर खऱ्या उड्याही गुळगुळीत झाल्या असत्या. एका व्हॉल्यूममध्ये सुटलेली पट्टी दुसऱ्यात बहुधा असते, त्यामुळे भरलेली जागा प्रत्यक्ष मोजलेल्या माहितीने भरते. अँजिओव्ह्यू या बाजारातल्या यंत्रावर याच जातीची दुरुस्ती चालते आणि तुमचं यंत्र आकड्यांवरून त्याच वर्गातलं दिसतंय. तेव्हा आधी तपासा: तुमच्या हातातली फाइल एका व्हॉल्यूमची आहे की दोन्ही जोडून झालेली? जोडून झालेली असेल आणि त्यात चौकटी विणल्यासारखी आडवी-उभी नक्षी दिसत असेल, तर ते आजाराचं लक्षण नाही, जोडताना दोन्हीकडचे दोष एकमेकांवर आलेत. अशा वेळी दोन्ही मूळ व्हॉल्यूम वेगळे मागा.

याला लागूनच ट्रॅकरचा मुद्दा. स्पेक्ट्रॅलिस हे यंत्र एसएलओच्या आधाराने, सिरस हे यंत्र लाइन-स्कॅन चित्राच्या आधाराने डोळ्याचा माग ठेवतं आणि बिघडलेल्या जागा पुन्हा स्कॅन करतं. ट्रॅकर चालूच ठेवा, माझा आग्रह आहे. पण ट्रॅकर चालू असलेल्या व्हॉल्यूममध्ये शेजारच्या दोन रांगा १० मिलिसेकंदांच्या अंतराने घेतलेल्या असतीलच असं नाही. मधे पेशंटने पापणी मिटली असेल तर दोन-तीन सेकंदही गेलेले असू शकतात. ‘काळाच्या क्रमाने सलग’ हे गृहीतकच तिथे मोडतं. फाइलमध्ये रांगेगणिक वेळ मिळत असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक जोड संशयित धरून तुकडे पाडा. शिवाय ट्रॅकरलाही प्रतिसादाला वेळ लागतो, त्यामुळे थोडा शेष दोष उरतोच. यंत्रावर ‘मोशन करेक्शन ऑन’ लिहिलंय म्हणून चित्र निर्दोष झालं असं नाही.

हे सगळे विस्थापन एकत्र करून व्हॉल्यूम एकदाच नव्याने काढा. प्रत्येक पायरीनंतर इंटरपोलेशन करत गेलात तर केशवाहिन्या दर वेळी थोड्या पुसट होतात, आणि शेवटी घनता कमी झाली ती आजाराने की तुमच्या कोडने, हे कुणालाच सांगता येणार नाही.

जास्त वेगाचं यंत्र घेतलं की प्रश्न सुटतो का, हेही लोक विचारतात. अर्धवट सुटतो. १९९१ साली ओसीटी आलं, आणि २००२च्या सुमाराचं स्ट्रॅटस हे यंत्र सेकंदाला ४०० ए-स्कॅन घेत असे. तेव्हा ५१२ ए-स्कॅनच्या एकाच रांगेला सव्वा सेकंद लागे आणि हालचाल रांगेच्या आतच असे. आज ती रांगांच्या मधे आली. पण अँजिओग्राफीत दोन फेऱ्यांमधला वेळ काही मिलिसेकंदांहून फार कमी केला तर केशवाहिन्यांतलं संथ रक्त दिसेनासं होतं. त्यामुळे वाढलेला वेग शेवटी मोठं क्षेत्र घेण्यातच खर्च होतो. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातल्या यासुनो यांच्या गटाची लिसाजू स्कॅनची वाट मला जास्त आवडते. बीमचा मार्गच असा की तो स्वतःला पुन्हा पुन्हा छेदतो, आणि प्रत्येक तुकड्याला संदर्भ आपोआप मिळतो. बाजारातल्या नेहमीच्या यंत्रावर मात्र ती सोय तुम्हाला मिळणार नाही.

न्यूरल नेटवर्कबद्दल. दोन जाती वेगळ्या करा. एक नेटवर्क विस्थापन काढून देतं, मग तुम्ही मूळ माहिती त्याप्रमाणे सरकवता. हे चालेल. ते चुकलं तर तपासता येतं, आणि जिथे माहिती नाही तिथे रिकामी जागा रिकामीच राहते. दुसरं नेटवर्क खराब चित्र घेऊन स्वच्छ चित्र देतं. पांढऱ्या रेषेखाली काय असायला हवं होतं ते ते हजारो चांगली चित्रं पाहून ठरवतं. डायबेटिक रेटिनोपॅथीत नेमक्या सुरुवातीच्या टप्प्यात केशवाहिन्या इकडेतिकडे गळतात, आणि असं नेटवर्क त्या जागी निरोगी जाळं विणून देऊ शकतं. डॉक्टरांना दाखवायच्या चित्रात वापरायचं असेल तर स्पष्ट लिहून वापरा. मोजमापाच्या वाटेत ते नको. माझ्याकडे परीक्षणाला आलेल्या कामात ते दिसलं तर मी घनतेचे आकडे बाजूला ठेवूनच पुढे वाचतो.

दुरुस्ती खरी झाली का, हे बघायला दोन चाचण्या कराच. पहिली, एक चांगला व्हॉल्यूम घेऊन त्यात तुम्हीच ड्रिफ्ट आणि उड्या घाला आणि तुमचा अल्गोरिदम त्या किती मायक्रॉनच्या फरकाने परत काढतो ते पाहा. कोडमधल्या चुका यात सापडतात, पण ही चाचणी सोपी असते. खऱ्या उडीत स्पेकल, म्हणजे चित्रातली दाणेदार नक्षी, बदलतं, नकली उडीत तेच स्पेकल सरकतं. म्हणून दुसरी चाचणी जास्त मोलाची: त्याच डोळ्याचे त्याच बैठकीतले दोन-तीन स्कॅन घ्या आणि एफएझेडचं क्षेत्रफळ दुरुस्तीच्या आधी आणि नंतर किती बदलतं ते पाहा. दुरुस्तीनंतर ते एकमेकांच्या जवळ आले नाहीत तर चित्र सुंदर दिसण्याला अर्थ नाही. पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे एक स्कॅन लाल, दुसरा हिरवा करून एकमेकांवर ठेवणं. जुळलं तिथे वाहिन्या पिवळ्या दिसतात, लाल-हिरव्या जोड्या दिसल्या तिथे अजून काम आहे.

मोजमाप करताना प्रत्येक स्कॅनमधला ‘नाही’ नोंदवलेला भाग किती टक्के आहे ते निकालासोबत छापा. घनता फक्त वैध क्षेत्राने भागा. एफएझेडच्या सीमेतून न बसलेली जोड जात असेल तर त्या स्कॅनवर क्षेत्रफळ मोजू नका, पण बाहेरच्या वर्तुळातली घनता मोजायला हरकत नाही. अख्खा स्कॅन ठेवायचा किंवा अख्खा टाकायचा, अशी सक्ती कुणी केलेली नाही. आणि पेशंट व निरोगी गट यांत टाकलेल्या भागाचं प्रमाण वेगळं असेल तर तेही सांगा. ज्यांची नजर अधू त्यांचा डोळा जास्त हलतो, त्यामुळे खराब स्कॅन गाळताना तुम्ही नकळत सगळ्यात आजारी डोळेच गाळत असता.

पुढचे स्कॅन अजून व्हायचे असतील तर खुर्चीशेजारी मिळणारा फायदा कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा स्वस्त आहे. टेबलाची उंची पेशंटप्रमाणे लावा, मान ताणलेली असेल तर डोकं मागे सरकतंच. कोरड्या डोळ्यात कृत्रिम अश्रूंचा थेंब घाला आणि थोडं थांबा. सूचना आधी द्या, स्कॅन चालू असताना बोलू नका, कारण पेशंट उत्तर द्यायला जातो आणि हनुवटी हलते. मी तंत्रज्ञांना सांगतो ते असं: “आजी, हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा. आत फुली दिसते का? तिच्याकडेच बघत राहायचं. लाल रेघ खाली सरकताना दिसेल, तिच्या मागे जायचं नाही. आता दोनदा डोळे मिटा, उघडा, मोठे ठेवा.” आणि लगेच बटण. रेघेबद्दलचं वाक्य छापील सूचनांत मला क्वचितच दिसलं, पण ताणलेल्या एफएझेडवर त्याहून सोपा उपाय मला माहीत नाही. एएमडीने (वयोमानाने मॅक्युला झिजण्याच्या आजाराने) मधली नजर गेलेल्या पेशंटला छोटी फुली दिसतच नाही, त्याला मोठी फुली द्या किंवा दुसऱ्या डोळ्यासमोर बाहेरचा दिवा धरा.

निस्टॅग्मसचे, म्हणजे डोळे आपोआप थरथरत राहणारे, पेशंट तुमच्या यादीत असतील तर त्यांच्यासाठी वेगळा नियम करा. बऱ्याच जणांची एक दिशा अशी असते की तिकडे पाहताना डोळ्याची थरथर सगळ्यात कमी होते. पेशंटलाच विचारा, तो वाचताना मान कशी वळवतो. तेवढी मान वळवून स्कॅन घ्या. थरथर आडवी असेल, जी बहुधा असते, तर आडव्या रांगांचाच व्हॉल्यूम घ्या. सरकणं जलद दिशेत राहतं आणि शेजारच्या रांगा जुळवून ते बरंचसं काढता येतं. त्याच डोळ्याचा उभ्या रांगांचा व्हॉल्यूम घ्यायला गेलात तर तीच हालचाल संथ दिशेत येते, पट्ट्या सुटतात, आणि दोन व्हॉल्यूम जोडणारी पद्धत चांगल्या व्हॉल्यूमलाही सोबत बिघडवते.